नोंद : उत्तर नाही

जुन्नर तालुक्यातल्या खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या, त्यातल्या १४ मधल्या भागात जवळजवळ आणि बाकीच्या १६ तीन दिशांना दूरवर शेतांमधून पसरलेल्या. त्या ठिकाणी ग्रोट रेबर नावाच्या एका अमेरिकन गृहस्थांच्या अस्थींचा अंश आहे. २० डिसेंबर २००२ रोजी ते टास्मानियात वारले, तेव्हा त्यांचा एक्क्याण्णवावा वाढदिवस दोन दिवसांवर होता. त्यांची रक्षा थोडी थोडी करून जगातल्या मोठ्या रेडिओ वेधशाळांकडे पाठवण्यात आली आणि त्यातला एक वाटा महाराष्ट्राच्या मातीत आला. रेबर हौशी रेडिओवाले होते, ज्यांना सगळे हॅम म्हणतात त्यांच्यातले. डब्ल्यू-नाइन-जीएफझेड ही त्यांची खूण. पंधराव्या वर्षी त्यांना परवाना मिळाला होता आणि अँटेना बांधणं हे त्यांचं आयुष्य होतं.

हे वाचल्यापासून एक प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही. प्रश्न रेडिओचा कमी आणि धर्माचा जास्त आहे. जो उत्तर देत नाही, पुढेही देणार नाही, त्याच्याशी नातं ठेवता येतं का? भाद्रपदात आपण पितरांना पाणी देतो. रोज सकाळी देवापुढे बसतो. पलीकडून काही येत नाही. मी वाशिमला राहतो, पद्मतीर्थ घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिथे अस्थी सोडायला आलेली माणसं मी लहानपणापासून पाहत आलो आहे, आणि सोडून झाल्यावर पाण्याकडे बघत उभी राहिलेली माणसंही. आमच्या गल्लीतला एक तरुण दर पितृपक्षात मला गाठतो. इंजिनिअर आहे, मनाने चांगला आहे. मागे त्याने मला गच्चीवर हेडफोन लावून बसलेलं पाहिलं आणि दोन्ही प्रश्न एकत्रच विचारले : "काका, उत्तर येत नाई तं काहून ऐकून रायले तुमी? अन् पितरायले पाणी देता, थे तरी पोचते का?"

मी त्याला तेव्हा थोडक्यात काहीतरी सांगितलं. सविस्तर सांगायचं ते इथे लिहितो.

माझी नोकरी पोलिसांच्या बिनतारी विभागात झाली, आधी अकोल्याला आणि १ जुलै १९९८ ला वाशिम वेगळा जिल्हा झाल्यावर इथे. माझी सुरुवात मोर्सवर झाली. सकाळी कंट्रोल एकेका स्टेशनला हाक मारायचं, स्टेशन उत्तर द्यायचं आणि रजिस्टरात वेळ पडायची. एखादं स्टेशन बोललं नाही तर त्याच्या नावापुढे लिहायचं : 'उत्तर नाही'. पैनगंगेला पूर आलेला असला आणि नदीकाठचं ठाणं बोलत नसलं, की ती नोंद लिहिताना जीव खालीवर व्हायचा. पण नियम असा होता की नोंद केली म्हणून ऐकणं थांबवायचं नाही. ती फ्रिक्वेन्सी उघडी ठेवायची. दुसरी कामं करायची, पण एक कान तिकडे.

मोर्सवर प्रत्येकाचा हात वेगळा असतो. अक्षरं तीच, ठिपके आणि रेघाही त्याच, तरी कोण बसलंय ते चार अक्षरांत कळतं. ज्यांनी मला की धरायला शिकवलं ते आमचे वरिष्ठ शब्दातली शेवटची रेघ किंचित लांबवायचे, जणू हात उचलायला त्यांना जिवावर यायचं. नवख्याला ती ढिलाई वाटायची. पण विजांच्या खरखरीत त्यांचा शब्द कुठे संपतो ते त्या लांब रेघेमुळेच कळायचं. ते गेल्यावर कित्येक दिवस मला तसा हात ऐकू येईल असं वाटत राहिलं. हॅम मंडळींमध्ये कुणी वारलं की 'सायलेंट की' झाले असं म्हणतात. हा शब्द मला आवडतो, कारण त्यात माणूस संपला असं कुणी म्हणत नाही. की गप्प झाली, एवढंच आपल्याला कळलेलं असतं आणि तेवढंच म्हटलेलं असतं.

आता रेबर. जन्म १९११ चा, शिकागोचा. वाढले जवळच्या व्हीटन गावात. आई शिक्षिका होती, आणि पुढे विश्व प्रसरण पावतंय हे दाखवून देणारे एडविन हबल शाळेत असताना तिच्या हाताखालून गेले होते. रेबरांनी १९३३ मध्ये रेडिओ इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि शिकागोतल्या रेडिओ कंपन्यांमध्ये नोकऱ्या केल्या. हॅम म्हणून ते कितीतरी देशांशी बोलून चुकले होते. त्याच वर्षी बेल प्रयोगशाळेतल्या कार्ल यान्स्की यांचा शोध जाहीर झाला होता. समुद्रापारच्या टेलिफोनला खरखर कुठून येते हे शोधायचं काम यान्स्कींकडे होतं. त्यांना तीन प्रकारची खरखर सापडली : जवळच्या विजांची, लांबच्या विजांची, आणि तिसरी एक बारीक, अखंड सुसकारी. ही तिसरी रोज चार मिनिटं लवकर यायची. म्हणजे तिचा फेरा २४ तासांचा नव्हता, २३ तास ५६ मिनिटांचा होता, आणि तो हिशेब सूर्याचा नसून नक्षत्रांचा असतो. सुसकारी आकाशगंगेतून येत होती, धनू राशीच्या दिशेने.

पहिल्या दोन प्रकारांशी माझी ओळख जुनी आहे. माझ्या गच्चीवर ७ मेगाहर्ट्झचा साधा डायपोल आहे. तांब्याची तार, दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर. मधोमध कोॲक्स केबल : आतली तार एका बाजूला, वरची जाळी दुसऱ्या बाजूला, आणि जोडावर पाणी जाऊ नये म्हणून रबरी टेपचे घट्ट वेढे. टोकांना चिनी मातीचे अंड्याएवढे इन्सुलेटर, त्यांतून ओवलेली नायलॉनची दोरी. एक दोरी पाण्याच्या टाकीच्या पाइपाला, दुसरी परसातल्या निंबाला. निंबाकडची दोरी मुद्दाम सैल ठेवावी लागते, नाहीतर वाऱ्यात झाड हललं की तार तुटते. मृगाच्या आधी ढग जमू लागले की हेडफोनमध्ये तडतड सुरू होते, आणि इथे ऊन असलं तरी कळतं की कुठेतरी विजा पडतायत. तिसरी सुसकारी ओळखणं अवघड असतं. ती इतर आवाजांखाली असते, आणि इतकी सारखी असते की कान तिला शांतताच समजतो.

यान्स्कींना त्यांच्या संस्थेने दुसरं काम दिलं. रेबरांनी तिथे नोकरी मागितली, पण ते मंदीचे दिवस होते, मिळाली नाही. मग १९३७ च्या उन्हाळ्यात त्यांनी स्वतःच्या पैशाने, आपल्या घराच्या अंगणात, साडेनऊ मीटर व्यासाची थाळी बांधली. लाकडाचा सांगाडा, त्यावर जस्त चढवलेला पत्रा, वर-खाली करायला जुन्या फोर्ड ट्रकचे भाग. शेजाऱ्यांना हे काय प्रकरण आहे कळेना. आईला कपडे वाळत घालायला जागा झाली. दिवसा ते नोकरीवर जायचे, आणि मोटारींच्या ठिणग्यांचा त्रास नको म्हणून मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत ऐकायचे. त्यानंतर जवळपास दहा वर्षं जगात रेडिओने आकाश पाहणारे ते बहुधा एकटेच होते.

ती थाळी डावी-उजवीकडे वळत नसे. फक्त दक्षिणोत्तर रेषेवर वर-खाली व्हायची. बाकीचं काम पृथ्वीच्या फिरण्यावर सोडलेलं : जे आकाश त्या रेषेवर येईल तेवढं ऐकायचं, पुढच्यासाठी थांबायचं. वाशिमकराला यात आपलं काहीतरी दिसतं. आमच्या गावचं प्राचीन नाव वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. लंकेपासून मेरूपर्यंतची जुन्या ज्योतिषातली मध्यरेषा इथून जाते असं मानतात आणि त्या रेषेवर मध्यमेश्वराचं देऊळ आहे. म्हणून आपल्या पूर्वजांना रेडिओ ठाऊक होता असलं काही मी म्हणणार नाही; असं बोलण्याने पूर्वजांचाही मान राहत नाही आणि रेबरांचाही. एक रेषा धरून बसायचं आणि आकाशाला आपल्या गतीने येऊ द्यायचं, ही बैठक मात्र दोन्हीकडे आहे, आणि ती मला धार्मिक वाटते.

यातला खरा कस पुढे आहे. त्या काळच्या समजुतीप्रमाणे तापलेल्या वस्तूचं प्रारण जास्त फ्रिक्वेन्सीला जास्त जोरदार असायला हवं होतं. म्हणून रेबरांनी आधी ३३०० मेगाहर्ट्झचा रिसीव्हर बनवला. काही आलं नाही. मग ९०० च्या आसपासचा. तरी काही नाही. त्या काळात अशा फ्रिक्वेन्सीचा रिसीव्हर दुकानात मिळत नव्हता. प्रत्येक वेळी सगळं नव्याने, हाताने करायचं. तिसऱ्यांदा त्यांनी उलटी दिशा धरली, १६० मेगाहर्ट्झ, आणि आकाशगंगा ऐकू आली. पुस्तकातल्या अपेक्षेच्या बरोबर उलट. असं का होतं, ते प्रारण उष्णतेचं नसून चुंबकीय क्षेत्रात वेगाने फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनचं आहे, हे पुढे १९५० च्या सुमारास उलगडलं. रेबरांनी कारण हाती नसताना नोंद केली. १९४० मध्ये त्यांचा लेख खगोलशास्त्राच्या नियतकालिकात आला आणि १९४४ मध्ये रेडिओने काढलेला आकाशाचा नकाशा : धनू राशीत सर्वांत ठळक, मग हंस, मग शर्मिष्ठा.

नवविधा भक्तीत श्रवणाला पहिलं स्थान आहे. कीर्तनाच्या, स्मरणाच्या, अर्चनाच्याही आधी. लहानपणी मला वाटायचं की ही सगळ्यांत सोपी म्हणून पहिली, नुसतं बसायचं तर असतं. नोकरीत कळलं की ऐकणं हे आमच्या कामातलं सर्वांत कठीण काम. नवखा ऑपरेटर खरखरीत आपल्याला हवं ते ऐकतो. समोरून अर्धवट शब्द आला की तो उरलेला स्वतः भरतो आणि चुकीचा संदेश पुढे जातो. मुरलेला ऑपरेटर जेवढं आलं तेवढं लिहितो, मधली जागा कोरी ठेवतो. रेबरांनी ३३०० च्या वेळी कोरी जागा ठेवली, ९०० च्या वेळी ठेवली. ऐकायला मिळावं म्हणून त्यांनी आकाशाच्या तोंडी काही घातलं नाही.

हॅम असताना रेबर हाक देत होते आणि कुणीतरी उत्तर देत होतं. त्यातला आनंद मला ठाऊक आहे. परक्या देशातल्या माणसाने आपली खूण बरोबर उच्चारली की अंगावर काटा येतो. तो आनंद भरपूर घेऊन झाल्यावर ते अशा दिशेकडे वळले जिथून त्यांच्या हाकेला उत्तर येण्याची शक्यता नव्हती. आणि लक्ष तसूभर कमी झालं नाही. मला यात भक्तीची एक पायरी दिसते. मागण्याच्या प्रार्थनेत माणूस उत्तराची वाट पाहतो. त्याहून पुढची एक प्रार्थना असते जिच्यात तो फक्त हजर राहतो.

यावर तो तरुण म्हणेल, आणि म्हणालाही, की आकाशातून निदान सुसकारी तरी येते, मोजता येते. पितरांकडून काय येतं? शिवाय आकाश जड आहे, पितर जड नाहीत असं तुम्ही मानता, मग ही तुलनाच कशी? आक्षेप खरा आहे. पितर कुठे आहेत, पाणी पोचतं का, हे मला सिद्ध करता येणार नाही आणि मी तसा दावाही करत नाही. मी पलीकडच्यांची तुलना करत नाही, अलीकडच्याची करतोय. पाणी सोडणारा हात आणि रिसीव्हरच्या बटणावरचा हात. दोघांनाही तिकडून शाबासकी नाही. दोघांनाही कोरी जागा कोरी ठेवावी लागते. वडील गेले तेव्हा लोक म्हणायचे, ते तुमच्याकडे बघत असतील, त्यांना असं वाटत असेल, तसं वाटत असेल. सांत्वन म्हणून ठीक आहे, पण तो नवख्या ऑपरेटरचा प्रकार आहे, गाळलेलं आपल्या मनाने भरणं. तर्पणात असं काही नसतं. नाव घ्यायचं, गोत्र घ्यायचं, तिळाचं पाणी अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून सोडायचं. पितरांच्या तोंडी एकही वाक्य घातलेलं नसतं. म्हणून मला तो विधी प्रामाणिक वाटतो, आणि म्हणून तो मी करतो.

आता रेबरांची दुसरी बाजू. १९५४ मध्ये ते टास्मानियाला गेले. तिथे बॉथवेलजवळ मेंढ्यांच्या कुरणात त्यांनी १९२ डायपोल टांगले आणि २ मेगाहर्ट्झच्या आसपास ऐकलं, जिथे १४४ मीटरची लाट असते. फावल्या वेळात शेंगांच्या वेलांवर प्रयोग केले. वेल आधाराभोवती नेहमी एकाच दिशेने वळतो. रेबर तो वेल हाताने सोडवून उलट्या दिशेने गुंडाळायचे आणि उत्पन्नाला काय होतं ते मोजायचे. त्यावर त्यांनी शोधनिबंध लिहिला. मला हा माणूस अशा वेळी फार जवळचा वाटतो. पण विश्वाला आरंभ होता, महास्फोट झाला, हे त्यांनी शेवटपर्यंत मानलं नाही. १९६५ मध्ये त्या आरंभाचं उरलेलं प्रारण सापडल्याचं जाहीर झालं, आणि तेही एका अँटेनातल्या न जाणाऱ्या खरखरीतूनच. तरी रेबरांनी १९७७ मध्ये विश्व अनंत, असीम आणि स्थिर आहे असं प्रतिपादन करणारं लिखाण प्रसिद्ध केलं.

विश्वाला आरंभ नाही, कर्ता नाही, हे मत आमच्या जिल्ह्यात नवं नाही. शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाला येणारे आणि कारंज्याच्या जुन्या जैन मंदिरांतले लोक हेच मानतात, आणि त्यांच्या तत्त्वज्ञानात त्याला भक्कम जागा आहे. रेबर त्या वाटेने आले नव्हते. त्यांचा दावा मोजमापाचा होता आणि मोजमापाच्या बाबतीत पुरावा त्यांच्या विरुद्ध गेला. म्हणजे तरुणपणी पुस्तकाविरुद्ध आकाशाचं ऐकणाऱ्या माणसाने उतारवयात आकाशाविरुद्ध स्वतःचं ऐकलं. मला याचं दुःख होतं. ऐकण्याची साधना आयुष्यभर केली म्हणून ती कायमची हाती राहते असं नाही, आणि हे आम्हा सगळ्या म्हाताऱ्यांनी मनावर घ्यावं असं आहे. पण त्यांचं स्मरण करताना हे वगळावं असं मला वाटत नाही. श्राद्धाला आपण आजोबांचं मत बरोबर होतं का हे विचारत नाही.

रेबरांनी लग्न केलं नाही, मूलबाळ नव्हतं. आपल्याकडे अशा माणसाच्या मागे एक काळजी असते : याला पाणी कोण देणार? त्या काळजीचं उत्तरही परंपरेने देऊन ठेवलंय. माघ शुद्ध अष्टमीला भीष्मांचं तर्पण असतं. त्यांना संतती नव्हती, म्हणून ते सगळ्यांनी करायचं. रोजच्या तर्पणातही एक ओंजळ ज्यांचं कुणी नाही त्यांच्यासाठी असते. रक्षा वेधशाळांत वाटून देण्यात मला तोच भाव दिसतो. ज्यांना त्यांनी वाट दाखवली त्यांनीच त्यांना ठेवून घेतलं. खोडद तर त्या वंशातलं मोठं घर. तिथल्या थाळ्या गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून आल्या. सबंध पत्र्याऐवजी ताणलेल्या दोऱ्यांवर पोलादी तारेची जाळी बसवायची, वारा आरपार जाऊ द्यायचा आणि खर्च आटोक्यात ठेवायचा. मीटरभर लांबीच्या लाटेला एवढी बारीक भोकं दिसतच नाहीत, तिच्यासाठी ती जाळी अखंड पत्राच असते. गरिबीतून काढलेली ही वाट अंगणात पत्रा ठोकणाऱ्या रेबरांना आवडली असती असं लिहायचा मोह होतो, पण मी ती जागा कोरी ठेवतो. स्वरूप स्वतः ७ सप्टेंबर २०२० ला गेले, पितृपक्षातच.

रेबरांच्या मृत्यूचा दिवस मी पंचांगात काढून पाहिला. मार्गशीर्ष वद्य प्रतिपदा. आदल्या दिवशी दत्तजयंती, म्हणजे इकडे कारंज्याला नृसिंह सरस्वतींच्या जन्मस्थानी गर्दी उसळलेली असणार. महालयात आई-वडिलांच्या पुढे गुरूंचं आणि मित्रांचंही नाव घेता येतं. गेल्या पितृपक्षात पद्मतीर्थाच्या पायऱ्यांवर माझी नावं संपत आली तेव्हा आमच्या वरिष्ठांचं नाव घेतलं, आणि मग गुरुजींना म्हटलं, अजून एक आहे. नातं विचारलं, मी गुरू म्हणून सांगितलं. नाव सांगितलं, ते त्यांनी दोनदा विचारून नीट घेतलं. गोत्र मला सांगता आलं नाही. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप धरतात, त्याप्रमाणे गुरुजींनी काश्यप धरलं, माझ्या हातावर तीळ घातले, पाणी सोडायला लावलं आणि पुढचं नाव विचारलं.